अंगणात काय घालावे?

घराचे बांधकाम संपत आले की ठेकेदार एक प्रश्न हमखास विचारतो. "सर, समोरच्या जागेत काय टाकायचं? कोबा करू की गट्टू बसवू?" तोवर घरमालकाजवळचे पैसे संपत आलेले असतात आणि पावसाळ्यात दारापुढे होणाऱ्या चिखलाला घरची मंडळी कंटाळलेली असतात. "चिखल होणार नाही असं काहीतरी करून टाका," असे उत्तर मिळते. आठवड्याभरात भिंतीपासून कुंपणापर्यंत सगळी जागा झाकली जाते. ज्याला हौस असते तो एका कोपऱ्यात हिरवळ लावतो.

दोन-तीन वर्षांनी तक्रारी सुरू होतात. कोबा तडकतो. गट्टू खाली-वर होतात आणि चालताना ठेच लागते. हिरवळ पावसाळ्यात पाणी साचून पिवळी पडते आणि मे महिन्यात पाण्यावाचून करपते. संध्याकाळी ओट्यावर बसावे तर अंगणातून गरम झळा येतात. कधी कधी तर हिरवळीच्या बाजूच्या भिंतीलाच तिरपी भेग पडते. आपण ठेकेदाराला दोष देतो. कधी तो खराही असतो. पण बहुतेक वेळा खरे कारण वेगळे असते. अंगणाच्या खाली कोणती जमीन आहे, तिथे पडणाऱ्या पाण्याचे काय होते आणि उन्हाचे काय होते, हे तीन प्रश्न कोणी विचारलेलेच नसतात.

यवतमाळ जिल्ह्यात हे प्रश्न टाळून चालत नाही. म्हणून याच जिल्ह्याचे उदाहरण घेऊन आपण ते एकेक करून पाहू. शेवटी शाळेत करता येतील असे तीन प्रयोगही दिले आहेत.

फुगणारी जमीन

वणी-झरीकडचा कोळसा आणि चुनखडीचा पट्टा सोडला तर जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसाल्ट या ज्वालामुखीजन्य खडकावर वसलेला आहे. बेसाल्ट झिजून दोन प्रकारची जमीन तयार होते. टेकड्यांवर व उतारावर माती वाहून जाते आणि अर्धवट झिजलेला खडक, म्हणजे मुरूम, उघडा पडतो. शेतकरी याला बरड किंवा हलकी जमीन म्हणतात. सखल भागात बारीक माती साचत जाते. ती आपली काळी, भारी, कपाशीची जमीन.

कपाशीसाठी ही जमीन उत्तम, पण बांधकामाला ती फार त्रासदायक. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या रुंद भेगा पडतात आणि त्या मीटरभर किंवा त्याहून खोल जातात. पावसाळ्यात त्याच भेगा मिटून जमीन वर उचलली जाते. हे का घडते?

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज भरपूर असते. त्याची रचना पुस्तकाच्या पानांसारखी असते. प्रत्येक पान सुमारे एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, इतके पातळ असते. ही पाने एकमेकांना घट्ट चिकटलेली नसतात, त्यामुळे पाण्याचे रेणू दोन पानांच्या मध्ये शिरतात आणि पाने दूर सरकतात. भिजलेले पुस्तक जसे फुगते तशी माती फुगते. पाणी निघून गेले की पाने पुन्हा जवळ येतात, माती आकसते आणि भेगा पडतात. कुंभाराच्या मातीत अधिक आढळणाऱ्या केओलिनाइट या खनिजाची पाने एकमेकांना घट्ट बांधलेली असतात. म्हणून ती माती इतकी फुगत नाही.

आता अशा जमिनीवर दहा सेंटिमीटर जाडीचा कोबा घातला तर काय होईल? कोब्याच्या मध्यभागी खालच्या मातीतला ओलावा टिकून राहतो, पण कडेची माती पावसात भिजते आणि उन्हात वाळते. म्हणजे कडा वर-खाली होतात आणि मधला भाग जागीच राहतो. काँक्रीट दाब चांगला सोसते, पण ताण सोसण्यात ते दुबळे असते. वाकवले की ते तडकते. ज्या कोब्याला मधेमधे सांधे सोडलेले नाहीत, तो स्वतःच आपले सांधे पाडून घेतो. त्यांनाच आपण तडे म्हणतो.

भिंतीच्या भेगेचे कोडेही येथेच सुटते. हिरवळ किंवा फुलझाडांचा वाफा घराच्या जोत्याला लागून असेल आणि त्याला रोज पाणी मिळत असेल, तर त्या बाजूची माती फुगलेली राहते. दुसऱ्या बाजूची माती कोरडी, आकसलेली. घर एका अंगाने उचलले जाते. म्हणून काळ्या जमिनीवरचा पहिला नियम असा: जोत्याला लागून किमान एक मीटरच्या पट्ट्यात रोज पाणी द्यावे लागेल असे काहीही लावू नये आणि त्या पट्ट्याचा उतार घरापासून दूर असावा. मोठे झाड भिंतीजवळ असेल तर उलटे घडते. झाडाची मुळे मातीतले पाणी ओढून घेतात व माती आकसते. झाड पूर्ण वाढल्यावर जेवढे उंच होईल, साधारण तेवढ्या अंतरावर ते लावावे, असा ठोकताळा आहे. जागा कमी असेल तर झाड लहान निवडावे.

मुरमाची पुण्याई

या फुगणाऱ्या मातीवर उपाय काय? आपल्याकडच्या जुन्या गवंड्यांना तो ठाऊक होता. वरची काळी माती काढायची, तेथे मुरूम भरायचा, पाणी मारायचे आणि धुमसाने चोपायचे. मुरूम पाण्याने फुगत नाही, पण चोपला की चांगला घट्ट बसतो.

या व्यवहारज्ञानाला शास्त्रीय बैठक मिळाली ती मुंबईच्या आयआयटीत. प्रा. आर. के. कट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात काळ्या मातीच्या फुगण्याचा बारकाईने अभ्यास केला. न फुगणाऱ्या पण एकमेकांना धरून राहणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर वर दिला, तर खालच्या काळ्या मातीची हालचाल खूपच कमी होते, असे त्यांनी दाखवले. काळ्या जमिनीतून जाणाऱ्या कालव्यांची अस्तरे फुटत होती, तेथे या पद्धतीचा उपयोग झाला. चांगला मुरूम हा अशा थरासाठी नेहमी वापरला जाणारा माल आहे. कालव्यासाठी हा थर बराच जाड, मीटरपर्यंतही लागतो. अंगणात चालण्यापुरते काम असेल तर ३० ते ४५ सेंटिमीटर भराव पुरतो. मोटार उभी करायची असेल तर त्याहून जास्त जाडी घ्यावी.

भराव करताना घाई करू नये. पंधरा-पंधरा सेंटिमीटरचे थर घालून प्रत्येक थर ओला करून चोपावा. सगळा मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर फक्त वरचा थर बसतो आणि खालचा पहिल्या पावसात दबतो. काढलेली काळी माती मात्र फेकू नये. परसबागेच्या वाफ्यांना ती सोन्यासारखी आहे.

घर बरड जमिनीवर असेल तर हा सगळा खटाटोप लागत नाही. तेथे मुरूम आधीच पायाखाली आहे. तेथे अडचण उलटी असते: झाडे आणि गवत लावायला माती बाहेरून आणावी लागते.

पाण्याचा हिशेब

आता दुसरा प्रश्न. हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडण्यासारखा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एवढे सूत्र पुरे.

यवतमाळ जिल्ह्यात वर्षाला सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. समजा, अंगण १०० चौरस मीटर आहे. म्हणजे त्यावर वर्षात सुमारे ९०,००० लिटर पाणी पडते. कोब्यावर पडलेल्या पाण्यापैकी साधारण नव्वद टक्के वाहून जाते. म्हणजे सुमारे ८०,००० लिटर पाणी आपण स्वतःच्या दारातून रस्त्यावर लोटतो. दहा हजार लिटरचे आठ टँकर! सिमेंटने सांधे न भरलेले गट्टू असतील तर वाहून जाणारे पाणी थोडे कमी होते, पण खालचा थर घट्ट असेल तर तेही निम्म्याहून अधिक पाणी घालवतात. सपाट हिरवळ किंवा पालापाचोळ्याने झाकलेली माती यांतून मध्यम सरीचे बरेचसे पाणी जमिनीत मुरते.

एका घराच्या पाण्याने काय बिघडते, असे वाटेल. पण एका वसाहतीत अशी दोनशे घरे असतात. सगळ्यांचे पाणी एकाच वेळी नालीत येते. जुलै २०२३ मध्ये यवतमाळ शहरात आणि जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा वस्त्यांत पाणी शिरले. महागाव तालुक्यात पुरात अडकलेल्या लोकांसाठी हेलिकॉप्टर पाठवावे लागले. एवढ्या मोठ्या पावसाला फक्त अंगणे जबाबदार नसतात, हे खरे. पण शहरातल्या गल्लीत गुडघाभर पाणी साचण्यामागे झाकलेल्या जमिनीचा वाटा नक्कीच असतो.

याच शहराने दुसरे टोकही पाहिले आहे. २०१७ मध्ये पाऊस कमी पडला आणि २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळला पाणी पुरवणारे निळोणा आणि चापडोह हे जलाशय जवळजवळ कोरडे पडले. लोकांनी टँकरवर दिवस काढले. अशा गावात हिरवळीचा विचार करताना तिचाही हिशेब करायला हवा. मे महिन्याच्या उन्हात हरळीसारख्या काटक गवतालाही हिरवे राहण्यासाठी रोज ५ ते ६ मिलिमीटर पाणी लागते, असे धरायला हरकत नाही. म्हणजे १०० चौरस मीटर हिरवळीला रोज किमान ५०० लिटर. शहरातल्या माणसाला रोज १३५ लिटर पाणी मिळावे असे शासकीय मानक आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी ५५ लिटरचे मानक धरले आहे. म्हणजे ही हिरवळ शहरातल्या जवळजवळ चौघांचे किंवा खेड्यातल्या नऊ जणांचे पाणी पिते. उन्हाळ्याच्या १०० दिवसांत ५०,००० लिटर!

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवून पहा. पावसाळ्यात ८०,००० लिटर घालवायचे आणि उन्हाळ्यात ५०,००० लिटर विकत आणायचे. एकाच घराच्या पुढच्या अंगणात कोबा आणि मागच्या अंगणात मोठी हिरवळ असेल तर हेच चाललेले असते.

उन्हाचा हिशेब

मग हिरवळ लावूच नये का? तसेही नाही. तिचा खरा उपयोग समजून घेण्यासाठी तिसरा प्रश्न पाहू.

मे महिन्यात स्वच्छ आकाश असताना एका चौरस मीटरवर दिवसभरात साधारण २४ ते २५ मेगाज्यूल ऊर्जा उन्हातून येते. कोरडा कोबा त्यातला काही भाग परत फेकतो आणि बाकीचा शोषून तापतो. काँक्रीट जाड आणि जड असल्यामुळे ही उष्णता साठून राहते व सूर्य मावळल्यावर हळूहळू बाहेर पडते. संध्याकाळी ओट्यावर येणाऱ्या झळा या दुपारी जमा झालेल्या ठेवीतून येतात.

गवत काय करते? ते मुळांतून पाणी ओढून पानांतून हवेत सोडते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ मेगाज्यूल ऊर्जा लागते. पाच लिटर पाण्याला १२ मेगाज्यूल. म्हणजे एका चौरस मीटरवर आलेल्या उन्हापैकी जवळजवळ निम्मी ऊर्जा वाफ करण्यात खर्च होते आणि तेवढी जमीन तापवायला उरत नाही. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने हिरवळ गार राहते. पण गारवा फुकट मिळत नाही. तो पाण्याने विकत घ्यावा लागतो.

येथेच प्लास्टिकच्या हिरवळीचा फोलपणा लक्षात येतो. तिचा रंग हिरवा असतो, पण तिच्यातून पाण्याची वाफ होत नाही. भर उन्हात तिचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्याही वर तापू शकतो. अनवाणी मुलांसाठी ती योग्य नाही, आणि झिजल्यावर तिचे तुकडे मातीत मिसळतात ते वेगळेच.

गारवा मिळवण्याचा स्वस्त मार्ग सावलीचा आहे. कडुनिंबाचे झाड खोलवरून स्वतःचे पाणी आणते आणि ऊन जमिनीवर पोहोचण्याआधीच अडवते. मात्र झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट नेऊ नये. मुळांना हवा आणि पाणी दोन्ही लागतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटर त्रिज्येतले काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता, तो याच कारणासाठी.

कोठे काय?

तीनही हिशेब केल्यावर लक्षात येते की सगळ्या अंगणाला एकच उत्तर नाही. पाय जेथे रोज पडतात तेथे कठीण पृष्ठभाग हवा. जेथे बसायचे, मुलांनी लोळायचे, तेथे हिरवळ. उरलेली जागा मातीची, मुरमाची, झाडांची. आपल्या १०० चौरस मीटरचीच वाटणी करून पाहू: २५ चौरस मीटर वाट आणि वाहनाची जागा, १५ हिरवळ, ४० मुरूम, २० झाडे व वाफे. पावसाळ्यात पाणी मुरायला पाऊण अंगण मोकळे राहते आणि मे महिन्यात हिरवळीला रोज ७५ ते ९० लिटर पाणी पुरते. एवढे पाणी घरातल्या अंघोळीच्या पाण्यातून मिळू शकते.

येथे एक सावधगिरी. अंघोळीचे पाणी चालेल, पण कपडे धुण्याचे नको. धुण्याच्या पावडरीत सोडियमचे क्षार असतात. सोडियममुळे काळ्या मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, माती लोण्यासारखी होते, वाळल्यावर दगडासारखी कडक होते आणि तिच्यात पाणी मुरेनासे होते. एकदा अशी बिघडलेली माती सुधारायला फार वेळ लागतो.

वाट व वाहनाची जागा. मुरमाच्या भरावावर चार-पाच सेंटिमीटर रेतीचा किंवा गिट्टीच्या चुरीचा थर, त्यावर गट्टू किंवा फरशी. चालण्यासाठी ६० मिलिमीटर जाडीचे गट्टू पुरतात, वाहनासाठी ८० मिलिमीटरचे घ्यावेत. दर मीटरला दीड-दोन सेंटिमीटर उतार हवा आणि तो रस्त्याकडे न देता झाडांच्या वाफ्याकडे द्यावा. कडेला दगड किंवा काँक्रीटची किनार पक्की बसवावी, नाहीतर गट्टू हळूहळू बाहेर सरकतात. सांधे रेतीनेच भरावेत. सिमेंटने भरले तर पाणी मुरायचे थांबते आणि जमीन हलली की तडाही जातो. गट्टूचा मोठा गुण असा की जमीन हलली तरी ते उचलून, खाली चुरी टाकून पुन्हा बसवता येतात. कोब्याला ही सोय नाही. दरवर्षी उन्हाळ्यात निघालेली रेती पुन्हा भरणे आणि शेवाळ दिसले तर ताठ झाडूने घासून काढणे, एवढीच त्याची निगा.

मुरमाचे अंगण. आपले पारंपरिक अंगण म्हणजे चोपलेला मुरूम आणि वर शेणाचे सारवण. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथे १९३६ पासून उभ्या राहिलेल्या, मातीच्या भिंतींच्या आणि सारवलेल्या जमिनीच्या कुट्या आपल्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिल्या असतील. सारवणाने धूळ कशी बसते? शेणात न पचलेल्या चाऱ्याचे बारीक तंतू असतात. मातीचे कण त्या तंतूंच्या जाळ्यात धरले जातात आणि वर पातळ पापुद्रा तयार होतो. शेण जंतू मारते किंवा किरणांपासून बचाव करते, असे सांगितले जाते, त्याला मात्र आधार नाही. उलट शेणात धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात, म्हणून पायाला जखम असताना काळजी घ्यावी आणि मुलांचे लसीकरण पूर्ण असावे. सारवण पावसात टिकत नाही. ते दर आठ-पंधरा दिवसांनी करावे लागते. ज्या घरात हे काम एकटीच्याच अंगावर पडणार असेल, तेथे नुसता चोपलेला मुरूम आणि वर चुरीचा पातळ थर अधिक न्याय्य ठरेल.

मुरूम किंवा शेणखत आणताना त्यातून गाजर गवताचे बी येते. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलेले हे गवत आज कोठे नाही असे नाही. त्याने अनेकांना अंगावर खाज सुटते व दम्याचा त्रास होतो. फुलावर येण्याआधी, हातात मोजे घालून, मुळासकट उपटावे.

झाडाखालची जागा. सावलीत हिरवळ लावण्याचा हट्ट करू नये. तेथे पालापाचोळ्याचे आच्छादन उत्तम. कपाशीची पऱ्हाटी यंत्राने बारीक करून वापरता येते, पण अख्खी पऱ्हाटी अंगणात रचून ठेवू नये. तिच्यावरच्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या हंगामात शेतात जाते. २०१७ मध्ये या अळीने विदर्भातल्या कपाशीचे केवढे नुकसान केले ते आपल्याला आठवत असेल. आच्छादन भिंतीपासून हातभर दूर ठेवावे, म्हणजे उधईला घरात यायला आडोसा मिळत नाही. ओलसर जागी जलपिंपळीसारखी जमिनीलगत पसरणारी देशी वनस्पती लावता येते. रोपवाटिकेत मिळणारा पिवळ्या फुलांचा वेडेलिया मात्र टाळावा. तो कुंपण ओलांडून ओढ्या-नाल्यांत पसरतो.

लाकडी ओटा. परदेशी मासिकांत बागेतली लाकडी फळ्यांची बैठक दिसते. तिला डेक म्हणतात. आपल्या शेतातल्या मचाणाचेच ते ठेंगणे रूप. जिल्ह्यात सागाची जंगले आहेत आणि सागाचे लाकूड त्यासाठी चांगलेच. पण लक्षात ठेवावे की टिकाऊपणा असतो तो खोडाच्या गाभ्यातल्या गडद लाकडाला. त्यात उधईला न मानवणारी द्रव्ये असतात. बाहेरचे फिकट, पांढरे लाकूड उधई सहज खाते. बांबूत पिष्ट असल्याने त्याला भुंगेरे लागतात. बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवल्याशिवाय तो वापरू नये. लाकूड कोणतेही असो, ते मातीला टेकता कामा नये. दगडी ठोकळ्यांवर उचलून, फळ्यांमध्ये पाच-सहा मिलिमीटर फट ठेवून आणि दरवर्षी तेल देऊन ते वापरावे. आपल्या ऊन-पावसात एवढी निगा जमणार नसेल तर दगडी ओटा किंवा झाडाखालचा पार बरा.

हरळीची हिरवळ

हिरवळीसाठी यवतमाळच्या हवेत हरळीला तोड नाही. हीच आपली दूर्वा. कळंबच्या चिंतामणीला वाहायला जी हौसेने खुडतो, तीच कपाशीच्या शेतात आली की शेतकरी हैराण होतो. शत्रू म्हणून तिच्यात जे गुण आहेत तेच हिरवळ म्हणून आपल्या उपयोगाचे. तिचे खोड जमिनीवर सरपटते आणि प्रत्येक पेरातून मुळे फुटतात. शिवाय जमिनीखालीही खोडे असतात. त्यांत अन्न साठलेले असते, म्हणून वरचे गवत वाळले तरी ते मरत नाही. प्रकाशसंश्लेषणाची तिची पद्धत मका-ज्वारीसारखी, म्हणजे भर उन्हात थोड्या पाण्यात काम करणारी आहे. तिला सावली मात्र सोसत नाही.

लागवड जून-जुलैत करावी. काळ्या जमिनीवर पाणी साचू नये म्हणून हिरवळीची जागा आजूबाजूपेक्षा दहा सेंटिमीटर उंच करून, मीटरला एक सेंटिमीटर उतार द्यावा. वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीत भरपूर कुजलेले शेणखत मिसळावे. थोडीशी रेती मिसळून भारी माती हलकी होत नाही. उपयोग होतो तो सेंद्रिय खताचा. हरळीच्या दोन-तीन पेरांच्या कांड्या दहा-दहा सेंटिमीटरवर लावाव्यात. चांगला पाऊस असेल तर दोन-अडीच महिन्यांत जागा भरते.

पुढची निगा तीन गोष्टींत येते. पहिली, कापणी: एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये आणि उन्हाळ्यात गवत जरा उंच, चारेक सेंटिमीटर ठेवावे. उंच गवत स्वतःच्या मुळांवर सावली धरते. दुसरी, पाणी: रोज शिंतोडे मारण्यापेक्षा मे महिन्यात चार दिवसांतून एकदा पहाटे २० मिलिमीटर, म्हणजे १५ चौरस मीटरला ३०० लिटर द्यावे. पाणी खोल गेले की मुळेही खोल जातात. तिसरी, खत: पावसाळ्यात महिन्यातून एकदा एवढ्या जागेला १०० ग्रॅम युरिया पुरे.

आणि पाणी नसेल तर? तर हरळी वाळू द्यावी. ती तपकिरी होईल आणि जमिनीखाली झोपून राहील. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत ती पुन्हा हिरवी होते. मे महिन्यात हिरवळ हिरवीच दिसली पाहिजे, हा आग्रह आपण बारमाही पाऊस पडणाऱ्या थंड देशांतल्या चित्रांवरून घेतला आहे. गावात टँकर फिरत असताना वाळलेल्या हिरवळीची लाज वाटायचे काही कारण नाही.

शाळेत करून पाहण्यासारखे

१. माती किती फुगते? भारतीय मानकांतली चाचणीच शाळेत करता येते. माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळा. दहा-दहा ग्रॅम माती १०० मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत घ्या. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल भरा, ढवळून हवेचे बुडबुडे काढा आणि २४ तास ठेवा. रॉकेलचे रेणू मातीच्या पानांमध्ये शिरत नाहीत, म्हणून तेथे माती फुगत नाही. दोन्हींतल्या मातीच्या आकारमानांतला फरक रॉकेलमधल्या आकारमानाने भागून १०० ने गुणा. उत्तर ५० च्या वर आले तर माती खूप फुगणारी आहे. मुरमाची चाळलेली पूडही तपासा. रॉकेल शिक्षकांनी स्वतः हाताळावे आणि जवळपास ज्योत नसावी.

२. पाणी किती मुरते? दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा डबा जमिनीत पाच सेंटिमीटर दाबा. त्यात दहा सेंटिमीटर पाणी भरून पातळी किती वेळात किती उतरते ते पट्टीने मोजा. वाळलेल्या काळ्या जमिनीत पहिल्यांदा पाणी भेगांतून भरभर उतरेल. पुन्हा भरा. माती फुगून भेगा मिटल्या की वेग कमालीचा घटेल. हाच प्रयोग मैदानावर, मुरमावर आणि झाडाखालच्या पाचोळ्यात करा.

३. कोण किती तापते? एप्रिलमध्ये सकाळी आठ, दुपारी दोन आणि संध्याकाळी सात वाजता कोबा, मुरूम, हरळी आणि झाडाखालची माती यांवर तापमापीचा फुगा टेकवून, वर पांढरा कागद धरून तापमान घ्या. दुपारची नोंद घेताना मुले उन्हात फार वेळ थांबणार नाहीत हे पहा. संध्याकाळचे आकडे दुपारच्या आकड्यांपेक्षाही बोलके असतील.

हे तीन तक्ते वर्गाच्या भिंतीवर लावा. शाळेच्या पटांगणावर सरसकट गट्टू बसवण्याचा ठराव कधी ना कधी येणारच असतो. त्या वेळी शाळा व्यवस्थापन समितीपुढे मुलांनी स्वतः मोजलेले हे आकडे ठेवता येतील. आणि घरी ठेकेदाराने "काय टाकायचं?" असे विचारले, तर उत्तर देण्याआधी एक खड्डा खणून खाली काय आहे ते पाहता येईल.